मातीतून औषध शोधणारे सेलमन वॅक्समन : टीबीवरचं पहिलं अँटिबायोटिक आणि हार न मानणारे जंतू

टीबीचं नाव निघालं की आपल्या मोहल्ल्यांत अजूनही आवाज खाली येतो. घरात कुणाला झाला तर शेजारी कळू देत नाहीत. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर नातेवाइकांनाही सांगत नाहीत. ही भीती जुनी आहे आणि तिला कारणही होतं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात या आजारावर औषधच नव्हतं. शिवडीला किंवा मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये माणूस जायचा, मोकळी हवा घ्यायचा, दूध-अंडी खायचा. बाकी सगळं अल्लाहवर सोडलेलं असायचं. किती जण परत येतील, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

आज सरकारी दवाखान्यात टीबीच्या गोळ्या फुकट मिळतात आणि कोर्स पूर्ण केला तर बहुतेक माणसं बरी होतात. हा बदल जिथून सुरू झाला, त्या औषधाचं नाव स्ट्रेप्टोमायसिन. ज्या प्रयोगशाळेत ते सापडलं, तिचे प्रमुख होते सेलमन वॅक्समन. ते डॉक्टर नव्हते. शेतीच्या कॉलेजात मातीचा अभ्यास करणारे प्राध्यापक होते.

त्यांचं आयुष्य आम्ही आज वाचकांसमोर ठेवतोय, त्याला एक कारण आहे. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंबद्दल हल्ली रोज बातम्या येतात. लोकांना वाटतं, हा आजकालचा प्रश्न आहे. तसं नाही. पहिलं औषध हातात येऊन दोन-चार वर्षं होतात न होतात, तोच जंतूंनी त्याला तोंड द्यायला सुरुवात केली होती. वॅक्समन यांनी हे आपल्या हयातीत पाहिलं आणि पुढचं औषध शोधायला ते पुन्हा मातीकडेच वळले.

प्रिलुका गावचा मुलगा

सेलमन यांचा जन्म २२ जुलै १८८८ रोजी नोवाया प्रिलुका या छोट्या गावात झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियाच्या झारच्या राज्यात होतं. कुटुंब ज्यू होतं. आई कापडचोपडाचा व्यापार करून घर सांभाळायची. आजूबाजूला काळी, सुपीक जमीन पसरलेली. शेतीवर जगणारा सगळा मुलूख. मातीच्या वासाची ओळख त्यांना तिथेच झाली.

लहानपणी त्यांची धाकटी बहीण घटसर्पाने गेली. घशात पडदा येऊन श्वास कोंडणारा हा आजार तेव्हा घराघरांतून मुलं उचलून न्यायचा. त्यावरची लस-लापशी म्हणा किंवा उतारा म्हणा, तो त्या दशकात युरोपातल्या मोठ्या शहरांत मिळू लागला होता. पण खेड्यातल्या मुलीपर्यंत तो वेळेवर पोचला नाही. औषध जगात आहे पण आपल्या दारापर्यंत येत नाही, हे दुःख त्या घराने फार लवकर पाहिलं. आपल्यातल्या कित्येक घरांनाही ते ठाऊक आहे.

झारच्या राज्यात ज्यू मुलांना शाळा-कॉलेजात मोजक्याच जागा असत. हुशारी असली तरी दार उघडेल याची खात्री नसे. सेलमन यांनी बाहेरून अभ्यास करून ओडेसा शहरात परीक्षा दिली आणि शाळेचं प्रमाणपत्र मिळवलं. पुढची तालीम मात्र त्या देशात अवघड दिसत होती. १९०९ मध्ये आई वारली. मुलाला बांधून ठेवणारा धागा तुटला. १९१० मध्ये, बावीस वर्षांचे असताना, ते बोटीने अमेरिकेला गेले.

तिथे न्यू जर्सी राज्यात मेटचन गावाजवळ त्यांच्या चुलत नातेवाइकांचं छोटं शेत होतं. कोंबड्या, शेणखत, भाजीपाला असा संसार. सेलमन तिथे राहून हातभार लावू लागले. खताच्या ढिगात सडक्या पाल्याची माती कशी होते, याचं त्यांना कुतूहल वाटू लागलं. डॉक्टर व्हायचा विचार मनात होता. पण जवळच्या रटगर्स कॉलेजात जेकब लिपमन नावाचे प्राध्यापक होते, तेही रशियातून आलेले. त्यांच्या सांगण्यावरून सेलमन शेतीशास्त्राकडे वळले. १९१५ मध्ये पदवी झाली, १९१६ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि त्याच वर्षी गावाकडच्या ओळखीच्या डेबोरा मिटनिक यांच्याशी लग्न झालं. १९१८ मध्ये कॅलिफोर्नियातून डॉक्टरेट घेऊन ते रटगर्सला परत आले. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी तिथेच काढलं.

पहिल्या पावसाचा वास

मृगाचा पहिला पाऊस पडला की मातीचा जो वास सुटतो, तो सगळ्यांनाच आवडतो. त्यामागे मातीतले सूक्ष्म जीव असतात. त्यातला एक मोठा गट आहे ॲक्टिनोमायसिटीस. दिसायला बुरशीसारखे, बारीक धाग्यांचे, पण जातीने बॅक्टेरिया. चिमूटभर मातीत ते लाखोंनी असतात. वॅक्समन विद्यार्थी असल्यापासून याच जिवांच्या मागे लागले होते. तेव्हा त्यांना कुणी विचारत नव्हतं. आजार करणाऱ्या जंतूंचा अभ्यास मोठा मानला जायचा. मातीतले जंतू मोजत बसणारा माणूस म्हणजे शेतकीवाला.

१९३२ च्या सुमारास टीबीविरुद्ध काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेने त्यांच्याकडे एक प्रश्न पाठवला. टीबीने मेलेल्या माणसांचे, जनावरांचे देह मातीत जातात. बेडका मातीत पडतो. मग त्या टीबीच्या जंतूंचं पुढे काय होतं? त्यांच्या एका विद्यार्थ्याने तपासून पाहिलं. टीबीचे जंतू मातीत फार काळ टिकत नव्हते. म्हणजे मातीत काहीतरी असं होतं, जे त्यांना जगू देत नव्हतं. पण त्या वेळी या गोष्टीचा पाठपुरावा झाला नाही.

पाठपुरावा सुरू झाला तो १९३९ नंतर. वॅक्समन यांचेच जुने विद्यार्थी रेने द्युबो यांनी मातीतल्या एका जंतूपासून दुसऱ्या जंतूंना मारणारा पदार्थ वेगळा काढून दाखवला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे संशोधक पेनिसिलिनवर काम करत होते. दुसरं महायुद्ध पेटलं होतं आणि जखमी सैनिकांसाठी औषधं हवी होती. वॅक्समन यांनी आपल्या प्रयोगशाळेचं सगळं बळ एकाच कामाला लावलं. मातीतल्या जिवांकडून जंतू मारणारी औषधं मिळवायची. अशा औषधांना अँटिबायोटिक हे नाव आजच्या अर्थाने त्यांनीच रूढ केलं.

चाळणीत चाळावं तसं

पेनिसिलिनचा शोध नशिबाने लागला असं सांगतात. फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशी आपोआप येऊन पडली होती. वॅक्समन यांनी नशिबाची वाट पाहिली नाही. त्यांचं मोठं काम म्हणजे शोधाची पद्धत.

ती पद्धत साधी होती. शेतातली, खताच्या ढिगातली, कुठलीही माती घ्यायची. पाण्यात कालवून ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ करायचं. मग काचेच्या बशीत घट्ट केलेल्या खाद्यावर ते पसरायचं. काही दिवसांत निरनिराळ्या जिवांचे ठिपके उगवतात. एखाद्या ठिपक्याभोवती मोकळी, स्वच्छ जागा दिसली की समजायचं, हा जीव आजूबाजूच्यांना वाढू देत नाही. तो उचलायचा, वेगळा वाढवायचा आणि आजार करणाऱ्या जंतूंसमोर ठेवून त्याची ताकद पाहायची. तांदूळ निवडताना एकेक खडा बाजूला काढावा तसं हे काम. रोज तेच, महिनोन्‌महिने.

हिशेब काय होता? त्यांच्या प्रयोगशाळेने सुमारे १०,००० नमुने तपासले. त्यातल्या सुमारे १,००० मध्ये जंतू मारण्याची काहीतरी ताकद दिसली. साधारण १०० जीव असे होते, जे तो पदार्थ बाहेर सोडत होते. शेवटी वेगळे काढता आले ते फक्त १० पदार्थ. आणि ते मिळाले म्हणजे औषध झालं असंही नाही. १९४० मध्ये ॲक्टिनोमायसिन मिळालं, पण ते इतकं विषारी होतं की जंतूंबरोबर प्राणीही मरायचे. नंतर कॅन्सरच्या उपचारात त्याचा उपयोग झाला. १९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रायसिन मिळालं. सुरुवातीला आशा वाटली, पण जनावरांच्या शरीरात काही दिवसांनी त्याचं विष दिसू लागलं. तेही बाजूला पडलं.

नवं औषध शोधणं एवढं कठीण का असतं, ते इथे कळतं. जंतूला मारणं सोपं आहे. फिनाइलसुद्धा मारतं. जंतू मेला पाहिजे आणि माणूस वाचला पाहिजे, ही अट कठीण आहे.

तळघरातला विद्यार्थी

१९४३ च्या उन्हाळ्यात अल्बर्ट शॅट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी प्रयोगशाळेत परत आला. तो सैन्यात होता. पाठीच्या दुखण्यामुळे त्याला सोडून दिलं होतं. गरीब शेतकरी घरातला मुलगा, महिन्याला ४० डॉलरवर काम करायचा. सैन्याच्या दवाखान्यात त्याने पाहिलं होतं की पेनिसिलिन पुष्कळ जंतूंना मारतं, पण काही जंतूंवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. टीबीचा जंतू त्यातलाच. शॅट्झने तेच काम मागून घेतलं.

टीबीचे जिवंत जंतू हाताळणं धोक्याचं होतं, म्हणून त्याला तळघरातल्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. रात्र-रात्र तो तिथेच असायचा. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी त्याच्या हाती दोन नमुने लागले. एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीचा. दुसरा कोंबडीच्या घशातून घेतलेला, जो त्याची सहकारी डोरिस जोन्स हिने दिला होता. दोन्ही एकाच जातीचे निघाले, स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस. गंमत म्हणजे या जातीची नोंद स्वतः वॅक्समन यांनीही १९१६ मध्ये केली होती. सत्तावीस वर्षं ती त्यांच्या ओळखीची होती. तिच्या पोटात काय आहे, ते मात्र आता कळलं.

जानेवारी १९४४ मध्ये नव्या औषधाचा पहिला लेख छापून आला. त्यावर तीन नावं होती, शॅट्झ, एलिझाबेथ बुगी आणि वॅक्समन. पुढची परीक्षा मेयो क्लिनिकचे विल्यम फेल्डमन आणि कॉर्विन हिन्शॉ यांनी घेतली. आधी टीबी झालेल्या गिनिपिगांना औषध दिलं, ते वाचले. मग नोव्हेंबर १९४४ मध्ये एकवीस वर्षांच्या एका तरुणीला दिलं. तिचा आजार हाताबाहेर गेला होता. ती बरी झाली.

मर्क कंपनीबरोबर वॅक्समन यांचा आधीपासून करार होता आणि त्यात औषधाचा हक्क कंपनीला जात होता. एवढं मोठं औषध एकाच कंपनीच्या हातात राहू नये, असं वॅक्समन यांनी कंपनीला पटवलं. मर्कने आपला एकाधिकार सोडला. पेटंट रटगर्सच्या संस्थेकडे आलं आणि अनेक कंपन्या स्ट्रेप्टोमायसिन बनवू लागल्या. औषध लवकर आणि जास्त प्रमाणात मिळू लागलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

औषध चाललं, मग अडलं

इंग्लंडमध्ये १९४७ मध्ये या औषधाची नीट कसोटी सुरू झाली. औषध कमी होतं, सगळ्यांना पुरणारं नव्हतं. म्हणून १०७ रुग्णांची चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागणी केली. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन, ५२ जणांना तेव्हा रूढ असलेला आराम. सहा महिन्यांनी पाहिलं तर औषध घेणाऱ्यांपैकी ४ जण दगावले होते आणि दुसऱ्या गटातले १४. औषध काम करत होतं, यात शंका उरली नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. सुरुवातीला सुधारलेले कित्येक रुग्ण काही महिन्यांनी पुन्हा खालावू लागले. त्यांच्या बेडक्यातले जंतू तपासले तेव्हा कारण कळलं. ४१ जणांचे नमुने पाहिले, त्यातल्या ३५ जणांचे जंतू आता स्ट्रेप्टोमायसिनला जुमानत नव्हते. पाच वर्षांनी मोजलं तर औषध घेतलेल्या ५५ पैकी ३२ जण गेले होते आणि न घेतलेल्या ५२ पैकी ३५. म्हणजे सुरुवातीला मिळालेला फायदा बराचसा निसटला होता.

हे कसं झालं? टीबीच्या रुग्णाच्या फुप्फुसात कोट्यवधी जंतू असतात. ते वाढताना त्यांच्यात आपोआप बारीक बदल होत राहतात. त्यातला एखादा जंतू असा निघतो की त्याच्यावर हे औषध चालत नाही. औषध सुरू केलं की बाकीचे मरतात, हा एक उरतो. त्याला आता मोकळं रान मिळतं. बघता बघता त्याचीच पिल्लावळ सगळीकडे होते. औषध जंतूला शिकवत नाही, ते फक्त निवडून देतं. शेतात एकच तणनाशक पुन्हा पुन्हा मारलं की शेवटी न मरणारं तणच माजतं, तसंच हे.

उपाय लवकरच सापडला. स्वीडनमध्ये यॉर्गन लेहमन यांनी पास नावाचं दुसरं औषध काढलं होतं. दोन्ही औषधं एकत्र दिली तर एका औषधातून वाचलेला जंतू दुसऱ्याने मरतो. दोन्हींना चकवणारा जंतू निघणं फारच दुर्मीळ. १९५० मध्ये इंग्लंडच्या पुढच्या कसोटीत हे सिद्ध झालं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं आणि एडिंबरामध्ये जॉन क्रॉफ्टन यांनी तिन्ही औषधं एकत्र देऊन टीबी पूर्ण बरा करता येतो, हे दाखवलं. आज टीबीच्या रुग्णाला एकदम तीन-चार औषधं का देतात आणि ती सहा महिने का घ्यावी लागतात, त्याचं उत्तर या जुन्या अनुभवात आहे. एवढ्या गोळ्या कशाला, असं घरात कुणी विचारलं तर त्याला हेच सांगावं.

पुन्हा मातीकडे

जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झालेत, हे समजल्यावर वॅक्समन यांनी शोधाचा प्रश्नच बदलला. आता चाळणीसमोर साधे जंतू न ठेवता, स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे जंतू ठेवायचे. त्यांना जो मारेल, तोच उचलायचा. ह्यूबर्ट लेशव्हालिए या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी मातीतल्याच दुसऱ्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून निओमायसिन मिळवलं आणि १९४९ मध्ये ते जाहीर केलं. नवं औषध मुद्दाम औषध-विरोधी जंतूंसाठी शोधण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण आहे.

निओमायसिनने टीबी जिंकला नाही. इंजेक्शनने दिल्यावर ते मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करायचं. म्हणून ते अंगावर लावायच्या मलमात, डोळ्या-कानाच्या थेंबांत आणि आतड्याच्या ऑपरेशनआधी देण्यात वापरलं जाऊ लागलं. आपल्याकडे घरोघरी असलेली सोफ्रामायसिनची ट्यूब घ्या. त्यातलं फ्रामायसेटिन म्हणजे निओमायसिनचाच एक घटक. मुलाचा गुडघा खरचटला की आपल्या अम्मी-दादी जे मलम लावतात, त्याचं मूळ असं न्यू जर्सीच्या त्या मातीत आहे.

श्रेयाचा वाद

वॅक्समन यांची ही बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर त्यांचं आयुष्य अर्धवट राहील.

स्ट्रेप्टोमायसिन जगभर गाजलं तेव्हा वर्तमानपत्रांत एकट्या वॅक्समन यांचंच नाव येऊ लागलं. तळघरात राबलेल्या शॅट्झचं नाव हळूहळू मागे पडलं. पेटंटवर दोघांची नावं होती. लोकांच्या भल्यासाठी म्हणून शॅट्झने आपला हक्क संस्थेला नाममात्र एका डॉलरवर लिहून दिला होता. पुढे त्याला कळलं की वॅक्समन यांना मात्र संस्थेकडून रॉयल्टीचा वाटा मिळतोय. मार्च १९५० मध्ये तो कोर्टात गेला. विद्यार्थ्याने गुरूवर दावा लावला म्हणून शास्त्रज्ञांच्या जगात खळबळ उडाली. बऱ्याच जणांनी दोष शॅट्झलाच दिला.

डिसेंबर १९५० मध्ये तडजोड झाली. शॅट्झ हा शोधाचा भागीदार आहे, हे संस्थेने मान्य केलं. त्याला रॉयल्टीचे ३ टक्के मिळाले, वॅक्समन यांना १० टक्के, आणि प्रयोगशाळेतल्या इतर सहकाऱ्यांसाठी ७ टक्के ठेवले गेले. वॅक्समन यांनी आपल्या वाट्यातला मोठा भाग सूक्ष्मजीवशास्त्राच्या संशोधनासाठी दिला. रॉयल्टीच्याच पैशातून रटगर्समध्ये १९५४ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्राची मोठी संस्था उभी राहिली.

पण १९५२ चं नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांनाच मिळालं. शॅट्झच्या बाजूने अर्ज गेले, त्यांचा उपयोग झाला नाही. पुढे शॅट्झला मनासारखी नोकरी मिळणं अवघड झालं आणि काही वर्षं तो दक्षिण अमेरिकेत शिकवत होता. १९९४ मध्ये, शोधाला पन्नास वर्षं झाल्यावर, रटगर्सने त्याला आपलं मानाचं पदक दिलं. वॅक्समन तेव्हा हयात नव्हते. १६ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं होतं.

इन्साफाच्या नजरेने पाहिलं तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चाळणी वॅक्समन यांनी तीस वर्षांच्या मेहनतीने तयार केली होती. तिच्यातून दाणा निवडला शॅट्झच्या हातांनी. एकाशिवाय दुसरा अपुरा होता. मोठ्या माणसाने धाकट्याचा हक्क आपणहून मोकळ्या मनाने दिला असता, तर त्याचं मोठेपण काही कमी झालं नसतं.

आपल्याकडचं चित्र

स्वातंत्र्यानंतर ही औषधं आपल्या देशातच बनावीत म्हणून पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी सुरू झाली. आधी पेनिसिलिन, पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तिथे बनू लागलं. १९५९ मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी जगाला दाखवून दिलं की औषधं नियमित घेतली तर टीबीचा रुग्ण घरी राहूनही सॅनेटोरियमइतकाच बरा होतो. गरीब कुटुंबांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. कमावता माणूस वर्षभर घराबाहेर राहायची गरज उरली नाही.

पण घरी उपचार म्हणजे जबाबदारीही घरावर आली. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, भूक लागते. माणसाला वाटतं, बरा झालो. कामाचा खाडा नको म्हणून तो दवाखान्यात जायचं सोडतो. नेमक्या त्याच वेळी आत लपून राहिलेले चिवट जंतू डोकं वर काढतात. १९४७ च्या कसोटीतल्या रुग्णांना दुसरं औषधच उपलब्ध नव्हतं. आपल्याकडे औषधं असूनही आपण तीच चूक पुन्हा करतो. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला एमडीआर टीबी म्हणतात. २०१२ च्या सुमारास मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तर तेव्हाची कुठलीच औषधं लागू पडत नाहीत असे रुग्ण नोंदवले, तेव्हा साऱ्या जगाचं लक्ष मुंबईकडे गेलं.

एमडीआर टीबीवर बरीच वर्षं कानामायसिनसारखी इंजेक्शनं द्यावी लागायची. ती स्ट्रेप्टोमायसिनच्याच कुळातली. त्यांनी कित्येक तरुणांचे कान गेले. मग बेडाक्विलिन आलं. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. टीबीवर अगदी नव्या पद्धतीने काम करणारं औषध सुमारे चाळीस वर्षांनी आलं होतं. त्याच्या पेटंटची मुदत वाढवायचा प्रयत्न झाला, तेव्हा भारतात त्याला विरोध करणाऱ्यांत दोन स्त्रिया होत्या, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची. टीबीच्या उपचारातच दोघींची ऐकण्याची शक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने मुदतवाढ नाकारली आणि स्वस्त बेडाक्विलिनचा मार्ग मोकळा झाला. आता गोळ्यांनीच, सहा महिन्यांत एमडीआर टीबी बरा करण्याची नवी पद्धत देशात आली आहे.

नव्या औषधांचा शोध चालूच आहे. अडचण अशी की मातीतले सहज वाढणारे जीव वॅक्समन आणि त्यांच्यानंतरच्यांनी चाळून झाले. तीच ती औषधं पुन्हा सापडू लागली. कंपन्यांनाही त्यात फायदा दिसेना, कारण अँटिबायोटिक माणूस काही दिवसच घेतो आणि नवं औषध तर डॉक्टर जपूनच वापरतात. मातीतले बहुसंख्य जीव काचेच्या बशीत वाढतच नाहीत. त्यांना मातीतच ठेवून वाढवायची युक्ती अमेरिकेत निघाली आणि २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन नावाचा पदार्थ जाहीर झाला. तो अजून दवाखान्यात पोचलेला नाही. आपल्याकडे मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने न्यूमोनियासाठी नॅफिथ्रोमायसिन हे नवं अँटिबायोटिक तयार केलं, ते २०२४ मध्ये जाहीर झालं. एका औषधामागे किती वर्षं आणि किती माणसं खर्ची पडतात, हे अशा प्रत्येक नावामागे आहे.

आपल्या हातात काय आहे

प्रत्येक नवं औषध ही आपल्याकडे आलेली अमानत आहे. ती वाया घालवायची की जपायची, ते बरंचसं घरात ठरतं. सर्दी-पडशाला मेडिकलवरून स्वतःच अँटिबायोटिक आणू नये. सर्दी व्हायरसने होते, त्याला ते लागूच पडत नाही. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेला कोर्स मध्येच सोडू नये. रमजानमध्ये टीबीची औषधं चालू असतील तर वेळ कशी बसवायची ते डॉक्टरांना विचारावं, आपल्या मनाने डोस चुकवू नये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी केंद्रात तपासणी फुकट होते. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून दरमहा पैसेही मिळतात. ते मागून घ्यायला लाजू नये.

आणि घरात टीबी झाला तर तो लपवू नये. लपवल्यामुळे उपचार उशिरा सुरू होतात, मध्येच सुटतात, आणि त्यातूनच न मरणारा जंतू तयार होतो. मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांनी, मशिदीच्या कमिटीने, शाळेच्या बाईंनी हे उघडपणे बोलायला सुरुवात केली तर एखाद्या तरुणाचा कोर्स पूर्ण होईल. वॅक्समन, शॅट्झ आणि तळघरातल्या सगळ्यांची मेहनत त्या शेवटच्या गोळीपर्यंत पोचली पाहिजे, एवढंच आम्हाला वाटतं.